परसबागेतला चोर आधी ओळखा, मग उपाय करा: वानर, डुक्कर, गोगलगाय आणि फळमाशी

ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे इथे लिहून देतेय. बोललेलं आहे तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं काढून टाकलंय.

आजचा विषय तुम्हीच दिलाय. गेल्या काही आठवड्यांत महाड आणि पोलादपूरच्या गावांतून बरेच व्हॉइस मेसेज आले. सगळ्यांचं म्हणणं थोड्याफार फरकाने एकच. "आईने परड्यात भाजी लावली होती, वांदरांनी काही ठेवलं नाही. कुठलं मशीन लावू?" कोणी विचारतं, "काकडी वाकडी होऊन सडते, कुठलं औषध मारू?" एका दादाने तर थेट विचारलं, "डुकरासाठी तारेत करंट सोडला तर चालतो का?" नाही चालत दादा. त्याबद्दल पुढे सविस्तर बोलूच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. औषध आणि मशीन नंतर. पहिला प्रश्न असा की चोर कोण आहे? दिवसा येणारा, रात्री येणारा, जमिनीखालून येणारा आणि फळाच्या आतून येणारा, या चौघांना एकच उपाय लागू पडत नाही. वानरासाठी आणलेल्या फटाक्याने फळमाशी जात नाही आणि निमतेलाने डुक्कर थांबत नाही. पैसे मात्र दोन्हीकडे जातात.

आपल्याकडेच एवढा त्रास का?

आपला भाग डोळ्यांसमोर आणा. महाड सावित्रीच्या काठावर. तिथून पुढे गेलं की पोलादपूर. एका बाजूला आंबेनळी घाट महाबळेश्वरला चढतो, दुसऱ्या बाजूला कशेडी घाट खेडकडे जातो. वरंध घाटातून भोरला जाता येतं. म्हणजे आपली गावं सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी, खोऱ्यांत आणि उतारांवर. घराच्या मागे परडं, परड्यामागे वरकस, वरकसामागे जंगल. आपण जंगलाच्या शेजारी राहतो, त्यामुळे जनावर येणारच. ते पूर्वीही यायचं.

मग बदललं काय? माझ्या नजरेने बघितलं तर राखण बदलली. माझी आजी सांगायची, पीक तयार व्हायला लागलं की शेतात माळा बांधायचा, रात्री कोणीतरी झोपायला जायचं, हातात गोफण आणि एक पत्र्याचा डबा. नाचणी, वरी डोंगरावर लावलेली असायची, त्यामुळे माणसांची ये-जा तिथपर्यंत होती. आज आमच्या वाडीत गणपती आणि शिमगा सोडला तर निम्म्या घरांना कुलूप असतं. माणसं मुंबईला. वरकस पडीक, त्यावर रानमोडी आणि घाणेरी माजलेली, आणि ती थेट घराच्या मागच्या पायरीपर्यंत आलेली. डुकराला दिवसभर लपायला यापेक्षा चांगली जागा कुठली? पूर्वी त्याला जंगलातून शेतात यायला उघडं माळरान ओलांडावं लागायचं. आता झुडपाझुडपांतून तो थेट सुरणापर्यंत पोचतो.

गावात उरलंय कोण? बहुतेक घरांत आई-बाबा, आजी. साठी-सत्तरीची माणसं. त्यांनी दिवसभर वानरं हाकायची आणि रात्री डुकरं, हे शक्य नाही. म्हणून आपल्याला अशी बाग लावायला हवी, जिला कमी राखण लागेल. सगळे उपाय मी याच एका कसोटीवर तपासणार आहे.

आणि हा नुसता भाजीचा प्रश्न नाही. भाजी बाजारातही मिळते. पण आपल्या घरची काकडी, दोडका, पडवळ, चवळी यांचं बी आई राखेत घालून जपून ठेवते ना, ते बी दरवर्षी पेरलं तरच टिकतं. दोन-तीन वर्षं "जाऊ दे, वांदर ठेवत नाहीत" म्हणून लावलं नाही, की ते बी उगवेनासं होतं. मग ती चव, ती जात त्या घरातून गेली. आमच्या वाडीत अशी घरं आहेत. म्हणून हा भाग करतेय.

खुणा वाचायला शिका

नुकसान दिसलं की ओरडायच्या आधी मोबाईल काढा आणि फोटो घ्या. खुणेशेजारी एखादं नाणं किंवा काडेपेटी ठेवा, म्हणजे आकार कळतो. फोटोवर तारीख-वेळ येतेच. आता बघायचं काय?

शेंडे मोडलेले, पानं ओरबाडलेली, अर्धवट खाल्लेली फळं दहा-वीस फुटांवर फेकलेली, आणि हे सगळं उजेडात झालेलं: वानर किंवा माकड.

जमीन नांगरल्यासारखी उलथलेली, कंद उकरलेले, चिखलात दोन खुरांचे ठसे: रानडुक्कर.

बुंध्याशी कुरतडलेलं, कंद खाल्लेले, आजूबाजूला एखादा काळा-पांढरा काटा पडलेला: साळिंदर.

कोवळी रोपं कात्रीने तिरकी कापल्यासारखी: ससा. तेच टोक फाटल्यासारखं, चिंध्या झाल्यासारखं दिसलं तर भेकर किंवा एखादी मोकाट गाय. हरणाला आणि गुराला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ती पाला कापत नाहीत, ओढून तोडतात. सशाला वर-खाली दोन्हीकडे धारदार दात असतात.

पानांना वेडीवाकडी मोठी भोकं आणि सकाळी चंदेरी, वाळलेल्या चिकटाची रेघ: गोगलगाय.

रोप जमिनीलगत कापून आडवं पडलेलं, पण खाल्लेलं नाही: रोप कुरतडणारी अळी. शेजारची माती दोन बोटं उकरा, गुंडाळी करून पडलेली सापडते.

काकडी, दोडकं, कारलं एका बाजूला वाकलेलं, पिवळं पडलेलं, कापलं की आत पांढऱ्या बारीक अळ्या: फळमाशी.

पपईला रात्रीतून खड्डा पडला तर वटवाघूळ किंवा उदमांजर. जमिनीत मोठी बिळं आणि बाहेर मातीचे ढीग असले तर घूस.

एवढं ओळखता आलं की पुढचं काम निम्म्याने सोपं होतं. आता एकेकाकडे वळू.

वानर आणि माकड: दोघं वेगळी आहेत

आपण दोघांनाही सरसकट "वांदर" म्हणतो. पण काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर आणि लालसर तोंडाचं, आकाराने लहान ते माकड. वानराचं पोट पाला पचवण्यासाठीच बनलेलं असतं, अनेक कप्प्यांचं. म्हणून ते तुमच्या वालाचा, चवळीचा पाला, भोपळ्याची फुलं, कोवळे शेंडे सगळं खातं. उन्हाळ्यात जंगलातली झाडं निष्पर्ण होतात आणि तुमच्या परड्यात सांडपाण्यावर एकच हिरवा तुकडा असतो, तेव्हा ते येणारच. माकडाच्या गालात पिशव्या असतात. ते पटापट कोंबतं आणि झाडावर जाऊन निवांत खातं. म्हणून माकड पाच मिनिटांत जेवढं नुकसान करतं, तेवढं बघून आपण थक्क होतो.

दोघं हुशार आहेत. बुजगावणं, जुन्या सीडी, चमकणारी पट्टी, मोबाईलवर वाघाचा आवाज, हे सगळं काही दिवस चालतं. मग त्यांना कळतं की यातून धोका काहीच होत नाही. २०१९ मध्ये कर्नाटकातल्या शिवमोगा जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याची बातमी गाजली होती, आठवते? त्याने माकडांना घाबरवायला आधी खेळण्यातला वाघ ठेवला होता. त्याचा रंग उडत गेला, तेव्हा त्याने आपल्या कुत्र्याच्या अंगावर वाघासारखे पट्टे रंगवले! आपण हसलो, पण त्यातली गोष्ट खरी आहे. हलणारी, जागा बदलणारी, जिवंत वस्तूच जास्त दिवस चालते. म्हणून बुजगावणं ठेवायचंच असेल तर दोन दिवसांनी जागा बदला, कपडे बदला, आणि भाजी तयार व्हायच्या आठवड्यातच लावा. वर्षभर एकाच जागी उभं असलेलं बुजगावणं म्हणजे वानराला बसायला खांब.

पाइपमध्ये कार्बाइड घालून उडवायच्या बंदुकीबद्दल पण विचारणा झाली. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि मध्य प्रदेशात इतर ठिकाणी असल्या बंदुकांनी कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. एका दोडक्यासाठी डोळा पणाला लावू नका.

मग खात्रीचा उपाय काय? पिंजरा. वानराला नाही हो, भाजीला! बांबूचे खांब, साधारण सहा-सात फूट उंच, म्हणजे आत उभं राहून काम करता येईल. चारही बाजूंनी आणि वरूनही जाळं. फक्त बाजूंनी लावलं आणि वर मोकळं ठेवलं, तर तो वानरांसाठी जिना झाला. श्रीवर्धन, अलिबागकडे कोणी ओळखीचं असेल तर मासेमारीचं जुनं, टाकून दिलेलं जाळं मिळतं, ते चांगलं मजबूत असतं. जाळं ताणून बांधा. ढिलं असलं की ते वर बसतात, जाळं खाली येतं आणि हात आत पोचतो. वेल जाळ्यापासून हातभर आत ठेवा.

जाळ्याबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, खालची कड जमिनीवर लोळत ठेवू नका. नायलॉनच्या बारीक जाळ्यात साप अडकतात, त्यात धामण पण असते, आणि धामण उंदीर खाते. ती आपल्या बाजूची आहे. खाली वीतभर उंचीची लाकडी फळी, पत्रा किंवा दगडाची ओळ लावा आणि जाळं तिच्या वरून सुरू करा. दुसरी, जाळ्याची भोकं मधमाशी सहज आत येईल एवढी हवीत, साधारण इंचभर. नाहीतर भोपळ्याला फुलं येतील, पण फळ धरणार नाही. अगदी बारीक जाळं असेल तर परागीकरण हाताने करा: नर फूल तोडायचं आणि मादी फुलाला, म्हणजे ज्याच्या मागे इवलंसं फळ असतं त्याला, हलकेच लावायचं. लाल भोपळ्याचं फूल सकाळी उमलतं, दोडका आणि दुधीचं संध्याकाळी. त्या त्या वेळी जा.

पिंजरा अख्ख्या परड्याला परवडत नाही, बरोबर? नकोच अख्ख्याला. आठ फूट बाय दहा फूट पुरे. वानराला आवडतं ते सगळं आत: काकडी, दोडका, चवळी, भेंडी, वांगी. आणि ज्याला ते सहसा हात लावत नाही ते बाहेर: हळद, आलं, अळू, सुरण, मिरची, कढीपत्ता, गवती चहा. ही यादी तंतोतंत नाही, उपाशी वानर काहीही चाखून बघतं. पण चाखणं वेगळं आणि फस्त करणं वेगळं.

आणि एक गोष्ट आपल्या वयाच्या मंडळींसाठी. घाटात गाडी थांबवून माकडांना वेफर्स, केळी देत रील काढायची सवय सोडा. माणसाजवळ गेलं की खायला मिळतं, हे आपणच त्यांना शिकवतो. मग तेच माकड खालच्या गावात कोणाच्या तरी आजीच्या हातातली पिशवी ओढतं.

रात्रीचे पाहुणे: डुक्कर आणि साळिंदर

डुक्कर नाकाने शोधतं आणि नाकानेच उचकटतं. म्हणून त्याला कुंपण उंच नको, खाली घट्ट हवं. तीन फूट उंचीची जाळी पुरते, पण ती जमिनीत वीत-दीड वीत गाडलेली असली पाहिजे, किंवा खालच्या कडेला मोठे दगड रचलेले हवेत. काट्यांची वई घालत असाल तर तळाला करवंदीच्या जाड फांद्या आडव्या दाबा. नुसतं मोगली एरंडाचं कुंपण गुरांना थांबवतं, डुकराला नाही. मोगली एरंड, निवडुंग आणि सागरगोटा एकत्र लावले तर तीन-चार वर्षांत चांगली दाट वई होते आणि नंतर खर्च राहत नाही. सागरगोट्याचे काटे बघितलेत ना? तेच आपले रखवालदार.

पण कुंपणाच्या आधीचं, फुकटातलं काम आहे सफाई. परड्याच्या बाहेर दहा-पंधरा फुटांचा पट्टा रानमोडी आणि घाणेरी काढून मोकळा ठेवा. उघड्यावर यायला डुक्कर कचरतं. शिवाय उष्टं-खरकटं, फणसाची चारखंडं, सडके आंबे परड्याच्या टोकाला फेकायची आपल्याला सवय असते. ते म्हणजे डुकराला आमंत्रण. खड्डा करून पुरा आणि वर दगड ठेवा.

कंद लावायचे असतील, करांदे, कणगर, रताळी, तर ते घराच्या भिंतीलगत लावा किंवा मातीने भरलेल्या गोणीत. गोणी ओट्यावर ठेवता येते. साळिंदराचाही प्रश्न त्याने सुटतो.

पावसाळ्याचा शत्रू: शंखी गोगलगाय

ही मोठी, तपकिरी शंखाची गोगलगाय मूळची आपली नाही. ती पूर्व आफ्रिकेतली. १८४७ मध्ये एका इंग्रज माणसाने ती कोलकात्याच्या एका बागेत सोडली, असं सांगतात, आणि तिथून ती देशभर पसरली. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडे हिने सोयाबीनची कोवळी शेतंच्या शेतं साफ केली होती, बातम्या पाहिल्या असतील. एक गोगलगाय एका वेळी शंभराहून जास्त अंडी मातीत घालते, आणि प्रत्येक गोगलगाय नर पण असते, मादी पण. त्यामुळे जूनमध्ये दहा दिसल्या आणि दुर्लक्ष केलं, तर ऑगस्टमध्ये मोजायच्या भानगडीत पडू नका.

इंटरनेटवर वाचाल, चुन्याची रेघ मारा, राख पसरा. हा उपाय कोरड्या मुलखातला. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, चुना दुपारपर्यंत सावित्रीत पोचलेला असतो. आपल्याकडे चालतं ते हाताने वेचणं. संध्याकाळी ओली गोणी, पपईची पानं किंवा कोबीचा पाला दोन-तीन ठिकाणी ठेवा. रात्री नऊ-दहाला मोबाईलची टॉर्च घेऊन जा किंवा पहाटे गोणी उलटा. खाली जमलेल्या असतात. हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला घाला, उघड्या हाताने धरू नका, कारण तिच्या अंगात माणसाला आजारी पाडणारे जंतू असू शकतात. बादलीत मिठाचं किंवा साबणाचं दाट पाणी करून त्यात टाका, मग खड्ड्यात पुरा. मीठ थेट वाफ्यात टाकू नका, माती खराब होते.

बाजारात गोळ्या मिळतात त्या विषारी असतात. कुत्रं, मांजर, कोंबडी खाऊ शकते. घराच्या परड्यात नकोतच.

वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून जूनचे पहिले दोन आठवडे रोज वेचल्या तर खूप फरक पडतो. एकट्याने करून शेजारच्या गडग्यातून परत येतात. पोरांना कामाला लावा. सगळ्यात जास्त वेचणाऱ्याला वडापाव!

फळाच्या आतला चोर आणि बाकी कीड

फळमाशीचं चक्र समजलं की उपाय आपोआप कळतो. मादी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. आत अळ्या होतात, फळ सडतं, गळतं. अळ्या फळातून बाहेर पडून मातीत जातात, तिथे कोष होतो आणि त्यातून नवी माशी. म्हणजे तुम्ही सडकी काकडी वेलाखालीच टाकली, तर पुढची पिढी तुम्हीच पाळलीत. म्हणून पहिलं काम: वाकडं, पिवळं, गळलेलं प्रत्येक फळ रोज उचला. घट्ट बांधलेल्या प्लास्टिक पिशवीत उन्हात ठेवा किंवा दोन फूट खोल पुरा. वेलाखालची माती अधूनमधून हलवा.

दुसरं, सापळा. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने आंब्यावरच्या फळमाशीसाठी 'रक्षक' सापळा तयार केलाय. पण दुकानात विचारताना नीट सांगा: आंबा, पेरू यांच्यासाठी मिथिल युजेनॉलचं आमिष लागतं आणि वेलवर्गीय भाज्यांसाठी क्यू ल्युअरचं. चुकीचं आणलंत तर सापळा लटकत राहील आणि काकडी सडत राहील. दोन्ही आमिषं नराला खेचतात, मादीला नाही. म्हणून सापळा लावला तरी फळं वेचणं चालू ठेवायचं. तिसरं, थोडीच फळं असतील तर कोवळेपणीच कागदी किंवा कापडी पिशवी घाला. पडवळाला तर जुन्या साडीची लांबट पिशवी छान बसते.

तांबडे भुंगेरे काकडी-भोपळ्याच्या पहिल्या दोन पानांवर तुटून पडतात. सकाळी लवकर ते सुस्त असतात, तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाका. रोपाला चार-पाच पानं येईपर्यंत मच्छरदाणीचा तुकडा किंवा जुनी टोपली झाका. रोप मोठं झालं की थोडी पानं गेली तरी सोसतं.

वांग्याचा शेंडा मान टाकतो ना, त्यात अळी असते. तो शेंडा इंचभर खालून कापा आणि नष्ट करा. दर आठवड्याला. भोक पडलेलं वांगं वेलाखाली, झाडाखाली टाकू नका.

चवळीवर काळा मावा दिसला की लगेच फवारणी नको. आधी बघा, ठिपक्यांचे ढालकिडे आहेत का. ते आणि त्यांच्या अळ्या मावा खातात. आहेत तर त्यांना काम करू द्या. नाहीत आणि मावा वाढतोय, तर पाण्याचा जोरदार फवारा मारा. त्याने भागलं नाही तर पाच टक्के निंबोळी अर्क: पन्नास ग्रॅम निंबोळी पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळा, चिमूटभर साबण घाला, संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूने फवारा. दिवसभर पाऊस असेल तर थांबा, सगळं धुऊन जातं.

हे मात्र कधीच करू नका

आता त्या दादाचा करंटचा प्रश्न. घरच्या लाइनची वीज तारेत सोडणं म्हणजे डुकरासाठी नाही, माणसासाठी सापळा. पहाटे पाणी बघायला गेलेला शेजारी, चरायला सुटलेली गाय, आपलंच लहान पोर. महाराष्ट्रात असे मृत्यू झालेले आहेत. बाजारात मिळणारं सौर कुंपण वेगळं, त्यात क्षणभराचा झटका असतो. ते मोठ्या शेताला ठीक, परड्याला त्याची गरज नाही.

तारेचा फास लावू नका. फास डुकराला आणि बिबट्याला वेगळं ओळखत नाही. आणि फासात अर्धमेला अडकलेला बिबट्या घरामागे असणं काय असतं, याची कल्पना करा.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वानर, माकड, रानडुक्कर, साळिंदर, भेकर, मोर हे सगळे संरक्षित आहेत. आणि कायद्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नाही. विष घालणं, फास लावणं, सापळ्यात पकडणं, तसा प्रयत्न करणं, सगळं त्यात येतं. शिक्षा तुरुंगवासाची आहे. गावातला अठरा-वीस वर्षांचा पोरगा दोन सुरणांपायी अशा केसमध्ये अडकला, तर त्याची नोकरी, पासपोर्ट, सगळं अडकतं.

डुक्कर पळवायला फोरेटच्या दाण्यांच्या पुड्या बांधायची पद्धत होती. फोरेटवर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. ते फार जहाल विष आहे. कुणाच्या माळ्यावर जुनं पाकीट पडलेलं असेल तर वापरू नका आणि पोरांच्या हाताला लागू देऊ नका.

मदत कुठे मागायची?

शेतातल्या पिकाचं वन्यप्राण्यांनी नुकसान केलं तर राज्य सरकारकडून भरपाई मिळू शकते. त्यासाठी उशीर न करता वनरक्षक किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवायचं, पंचनामा करून घ्यायचा आणि सातबारा जोडायचा. आपण काढलेले नाणं ठेवलेले फोटो इथे उपयोगी पडतात. पंचनाम्याआधी शेत साफ करू नका. वन विभागाची हेल्पलाइन आहे १९२६. घरात शिरणारं माकड, जखमी प्राणी, फासात अडकलेला प्राणी, कशासाठीही आधी हा नंबर.

कीड-रोगासाठी आपल्या जिल्ह्यात रोह्याजवळ किल्ला इथे कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि तालुक्याला कृषी अधिकारी कार्यालय आहेच. रोगट पान दुकानदाराला दाखवण्याआधी तिथे दाखवा. दुकानदार वाईट नसतो, पण त्याचा धंदा बाटली विकायचा आहे.

वर्षाचा हिशेब

लिहून घ्या, किंवा सरळ स्क्रीनशॉट काढा.

मे: झुडपं काढून मोकळा पट्टा, कुंपण आणि पिंजऱ्याची डागडुजी. गावी सुट्टीला गेलात की हे दोन दिवसांचं काम आपलं. आईचं नाही.

जून: मिरगाला बी पेरताना पहिले दोन आठवडे गोगलगायी वेचा, रोपं झाका.

जुलै-ऑगस्ट: तांबडे भुंगेरे, मग फळमाशीचे सापळे. सडकी फळं रोज उचला.

सप्टेंबर-ऑक्टोबर: भात पिकायला लागलं की डुकरं खाली उतरतात. कुंपणाची खालची कड तपासा. पिंजऱ्यातली सगळ्यात चांगली दोन फळं खायची नाहीत, बियाण्यासाठी वेलावरच पिकू द्या.

नोव्हेंबर ते मे: सांडपाण्यावरची भाजी. बाहेर जंगल सुकत जातं, वानरांचा जोर वाढतो. हिरवं जेवढं आहे तेवढं जाळ्याच्या आत.

एवढं करूनही थोडं जाईल. जंगलाच्या शेजारी राहून शंभर टक्के आपल्याच ताटात यावं, असं होत नाही, आणि आपल्या आज्यांनीही तसं कधी धरलं नव्हतं. पण थोडं जाणं आणि भाजी लावणंच बंद करणं यात फार अंतर आहे.

तर मंडळी, या आठवड्याचं काम एकच. आज घरी फोन करा आणि विचारा, "परड्यात यंदा काय लावलंय, आणि कुठलं बी शिल्लक आहे?" नुकसान झालं असेल तर खुणेचा फोटो मागवून घ्या आणि आम्हालाही पाठवा. चोर कोण ते आपण मिळून ओळखू. पुढच्या भागात बोलू बियाणं साठवण्यावर: राख, कडुलिंबाचा पाला की फ्रीज? तोपर्यंत काळजी घ्या, आणि घाटात माकडांना काही देऊ नका!